दोन पाय शोधावे

(आपल्या शाळेच्या १९८२ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मेळाव्याच्या समितीने मला फोन करून सांगितले, "तू सगळे जग फिरलास, तेव्हा प्रवासावर वीस मिनिटे बोल." जहाजावरच्या इंजिनिअरने जग फिरणे म्हणजे काय, हे समितीला माहीत नसावे. आम्ही जग फिरतो ते इंजिनरूममध्ये, पाण्याच्या पातळीच्या खाली. बंदराचे नाव कळते ते पुष्कळदा वरून उतरलेल्या माणसाकडून. त्यामुळे प्रवासवर्णन माझ्याजवळ फारसे नाही. पण एका खेकड्याची गोष्ट आहे. ती या शाळेत सुरू झाली आणि पृथ्वीच्या दक्षिण टोकाला जाऊन परत इथेच आली. ती सांगतो. शेवटी मला एका माणसाची माफी मागायची आहे. तो समोर तिसऱ्या रांगेत बसला आहे. त्याने उठून जाऊ नये, एवढी विनंती.

आठवीतला तो तास तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. विज्ञानाच्या सरांनी टेबलावर ओल्या फडक्यात गुंडाळून एक चिंबोरी आणली होती. नांग्या काथ्याने बांधलेल्या. सरांनी सांगितले, निरीक्षण करा, आकृती काढा आणि खाली लिहा : पाय किती? मी पुस्तकात आधीच वाचले होते. दशपाद प्राणी, पाय दहा. वर न बघता लिहून टाकले. माझ्या बाकावरच्या जोडीदाराने मात्र पुढे जाऊन चिंबोरी पाहिली. खरे तर त्याला पाहायची गरज नव्हती. ती त्याच्याच आईने फगात धरलेली होती. त्याची आकृती वर्गात सगळ्यांत सुंदर होती. मागचे दोन पाय वल्ह्यासारखे चपटे असतात तेसुद्धा त्याने दाखवले होते. खाली त्याने लिहिले : पाय आठ.

सरांनी फुली मारली. मी मागून मोठ्याने म्हणालो, "आठपाया!" वर्ग हसला. त्या दिवसापासून त्याचे नाव पडले ते पडलेच. नववीनंतर तो शाळेत दिसला नाही. वडिलांचे आजारपण होते, घरची होडी होती, कारणे पुष्कळ होती. आपण सगळे पुढे निघून गेलो.

आता मधली अठरा वर्षे सोडून देतो. १९९८ सालचा जुलै महिना. मी सेकंड इंजिनिअर होतो. चिलीच्या किनाऱ्यावर माल भरून आम्ही मॅगेलनच्या सामुद्रधुनीतून अटलांटिककडे निघालो होतो. पुंता अरेनास या बंदराच्या जवळ आमच्या जनरेटरने मान टाकली आणि सुटा भाग येईपर्यंत जहाज नांगरून पडले. आपल्याकडे आषाढ कोसळत असतो तेव्हा तिकडे ऐन हिवाळा. उजाडते नऊच्या सुमारास आणि पाच वाजले की अंधार. वारा असा की डेकवर बोलायला तोंड उघडले तर शब्द घशात परत जातात.

आम्हाला भाजी-पाव आणून देणाऱ्या लाँचवाल्याचा चुलतभाऊ मासेमार होता. त्याच्या होडीच्या डिझेल इंजिनाचा पाण्याचा पंप बिघडला होता आणि ऐन हंगाम चालू होता. मला स्पॅनिश पंधरा-वीस शब्दांपलीकडे येत नव्हते, पण पंपाला स्पॅनिश लागत नाही. दुपारभर बसून तो दुरुस्त केला. पैसे द्यायला लागला, मी घेतले नाहीत. तेव्हा त्याने मला मजुरी म्हणून एका फेरीला बरोबर नेले.

तो जे धरायला जात होता त्याला तिकडे 'सेंतोया' म्हणतात. शास्त्रीय नाव लिथोडिस सँटोला. चिलीतच जन्मलेल्या मोलिना नावाच्या अभ्यासकाने १७८२ साली त्याची शास्त्रीय नोंद केली. बाकीचे जग त्याला दक्षिणेचा किंग क्रॅब म्हणते. चिली आणि अर्जेंटिनाच्या दक्षिण किनाऱ्याच्या थंड पाण्यात तो राहतो. उथळ खाडीपासून खाली काही शे मीटर खोलीपर्यंत. त्याच्या घराण्यातले कितीतरी भाऊबंद तर आणखी खोल, जिथे उजेड पोचतच नाही अशा तळावर असतात.

धरण्याची रीत मात्र बघून मला घरी आल्यासारखे वाटले. आपल्या फगाचाच मोठा भाऊ : लोखंडी सांगाडा, भोवती जाळे, आत आमिष, वरून तोंड. असे पुष्कळ पिंजरे एका लांब दोरीला बांधून तळाशी सोडतात आणि दिवस-दोन दिवसांनी विंचने ओढतात. पहिला पिंजरा वर आला. आत लाल-जांभळे, अंगभर काटेच काटे असलेले प्राणी एकमेकांवर चढलेले. एकेकाचे पाय पसरले तर आपल्या घरच्या मोठ्या परातीत मावणार नाही.

मी जाड हातमोजे घालून एक उचलला. आणि सर, का कोण जाणे, तुमच्या तासाला न केलेले काम मी त्या होडीवर केले. पाय मोजले. दोन नांग्या, डावीकडे तीन पाय, उजवीकडे तीन पाय. एकूण आठ. वाटले, ओढाताणीत दोन तुटले असतील. दुसरा उचलला, आठ. तिसरा, आठ. तिथे त्या वाऱ्यात मी मोठ्याने मराठीत म्हणालो, "आठ!" होडीवाला माझ्याकडे बघत राहिला. त्याला काय सांगणार?

मग त्याने त्याचे काम सुरू केले, आणि ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. प्रत्येक खेकडा तो उलटा करून पोट बघायचा. मादी असली की परत पाण्यात. नर असला तर एका मापाने पाठ मोजायची. डोळ्याच्या खोबणीपासून मागच्या कडेपर्यंत बारा सेंटिमीटर भरली तर ठेवायचा, कमी भरली तर पाण्यात. तो तिथला कायदा आहे, आणि हंगाम जुलै ते नोव्हेंबर एवढाच. ओढलेल्या पिंजऱ्यातले निम्म्याहून अधिक जीव त्याच्या हातून परत जात होते. गोठलेल्या बोटांनी धरायचे, मोजायचे आणि सोडायचे. मी विचारले, कोणी बघत नसताना पण? त्याने खांदे उडवले आणि पोटाकडे बोट दाखवले.

ती मादी होती. पोटाच्या झडपेखाली अंड्यांचा दाट गुच्छ. मला एकदम माझ्या जोडीदाराची आई आठवली. लाख भरलेल्या चिंबोरीला बाजारात भाव जास्त, ती ती विकायची, त्यात तिला काही गैर वाटत नसे. पण खाडीच्या मुखाशी कधी झडपेबाहेर अंडी आलेली चिंबोरी फगात आली, तर ती म्हणायची, "हिचे पोटान पोरां हान. सोर तिला." आणि सोडायची. तिला कोणी कायदा शिकवला नव्हता.

त्या अंड्यांची गोष्ट मी पुढे वाचली. आपली चिंबोरी एका वेळी लाखोंनी अंडी घालते आणि साधारण दोन आठवड्यांत ती उबतात. सेंतोयाच्या मादीजवळ काही हजार, फार तर साठेक हजार अंडी असतात, आणि ती त्यांना पोटाखाली धरून नऊ-दहा महिने वागवते. नऊ-दहा महिने! समोरच्या मैत्रिणी माना हलवताहेत, त्यांना मी काय समजावणार? त्याच पाण्यात तिची एक धाकटी जातवाली आहे, ती तर दीड वर्षाहून अधिक काळ अंडी बाळगते. थंड पाण्यात सगळेच सावकाश चालते. अंड्यातून निघालेल्या पिलांना पहिले काही आठवडे खायला काही लागत नाही. आईने अंड्यातच बांधून दिलेल्या बलकाच्या शिदोरीवर ती तरंगत राहतात, कात टाकत टाकत रूप बदलतात आणि खेकड्याचे रूप घेऊन तळाला बसतात, तोवर ती शिदोरी पुरते. तिथून अंगावर पिल्ले धरण्याच्या वयाला यायला पुन्हा काही वर्षे. म्हणून एक मादी काढली तर ती भरून निघायला किती काळ जाईल, याचा हिशोब तो होडीवाला बोटांवर करत होता.

आणखी एक गोष्ट आहे. चिंबोरीची मादी नराचे बीज साठवून ठेवू शकते. सेंतोयाच्या मादीला ते जमत नाही. दर वेळी कात टाकल्यावर तिला नर लागतोच. मोठे नर सगळेच उचलले तर राखलेल्या माद्यांचा काय उपयोग, हा प्रश्न तिकडच्या अभ्यासकांना पडतो. म्हणजे कायदा पाळूनही डोळे उघडे ठेवावे लागतात.

असो. जहाजावर परत आलो आणि सरांना एअरोग्राम लिहिला. "सर, तुम्ही शिकवले की खेकड्याला दहा पाय. मी मोजले, नांग्या धरून आठ. तीनदा मोजले." थोडी फुशारकी होती, कबूल करतो. गुरूची चूक सापडल्याचा आनंद कोणत्या विद्यार्थ्याला होत नाही?

सरांचे उत्तर माझ्या घरी येऊन पडले होते. मी रजेवर आल्यावर वाचले. पोस्टकार्ड. चार ओळी. "मोजलेस हे उत्तम. मोजणे बरोबर आहे, शोधणे अपुरे आहे. दहा असायला हवेत. दोन कुठे ठेवले असतील ते बघ. प्रकृती सांभाळ."

होडीवाल्याने निघताना मला एक वाळवलेला नर भेट दिला होता, मापात बसणारा. तो मी तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून घरी आणला होता. वासावरून बायकोशी जे बोलणे झाले ते इथे सांगण्यासारखे नाही. पोस्टकार्ड वाचल्यावर गच्चीत बसलो आणि चिमटा व स्क्रूड्रायव्हर घेऊन पाठीच्या कवचाची कड उचकटली. आत, जिथे कल्ले असतात त्या पोकळीत, दोन बारीक, काडीसारखे पाय दुमडून ठेवलेले सापडले. टोकाशी लव असलेले. एक इकडे, एक तिकडे. आठ आणि दोन दहा.

ते पाय चालायचे नाहीत. धरायचे नाहीत. त्यांचे मुख्य काम : आत राहून कल्ले साफ करणे. गाळ बसला, कीड बसली, तर खरवडून काढणे. कल्ले तुंबले तर श्वास बंद. बाहेरचे आठ पाय मोठे, काटेरी आणि रुबाबदार, पण या दोघांनी काम थांबवले तर त्या रुबाबाला काही अर्थ उरत नाही.

हे पाय आत का गेले, याचीही एक कथा आहे. किंग क्रॅब हा आपल्या चिंबोरीचा सख्खा नव्हेच. आपण लहानपणी किनाऱ्यावर शंखात राहणारे खेकडे पकडायचो, आठवतात? शंख हातात घेतला की आत ओढून घ्यायचे ते. त्यांचे पोट मऊ आणि शंखाच्या वळणाप्रमाणे पिळलेले असते, आणि मागचे पाय इवलेसे. किंग क्रॅब त्या कुळातून निघाला आहे. १९९२ साली 'नेचर' या नियतकालिकात जनुकांवरून तसा पुरावा प्रसिद्ध झाला. कधीतरी त्याच्या पूर्वजांनी शंख सोडला, स्वतःचे कवच घट्ट केले आणि अंगाने वाढत गेले. शंख गेला, पण त्याची खूण राहिली. होडीवाल्याने मादी उलटी केली तेव्हा मला वाटले होते की हिचे पोट दुखावले आहे. झडप एका बाजूला कललेली, डावीकडच्या पट्ट्या मोठ्या आणि उजवीकडच्या लहान. अंडी धरणारे अवयवही डावीकडेच. ते व्यंग नव्हते. घर सोडून किती पिढ्या गेल्या, तरी घराचे वळण अंगात राहिले होते. या सभागृहात बसून मी ते जरा अधिक समजू शकतो.

तो वाळका खेकडा मी शाळेला दिला. प्रयोगशाळेच्या कपाटात वरच्या कप्प्यात तो अजून आहे, काल पाहिला. एक नांगी निखळली आहे. खाली सरांच्या अक्षरातली चिठ्ठी आहे : "पाय : दहा. दोन शोधावे."

पुढे निवृत्तीच्या आसपास या कुळाबद्दल आणखी एक वाचले आणि मला पुन्हा सरांचे पोस्टकार्ड आठवले. तेवढे सांगून शेवटाकडे येतो.

अंटार्क्टिकाच्या भोवतालच्या उथळ समुद्रतळावर खेकडे नाहीत, असे आपण मानत आलो. कारणही पटणारे. समुद्राच्या पाण्यातले मॅग्नेशियम खेकड्याच्या रक्तात साठते, ते त्याला पुरेसे बाहेर टाकता येत नाही, आणि पाणी शून्याच्या आसपास गेले की त्याची गुंगी चढते. ज्याला हालता येत नाही तो जगणार कसा? त्यामुळे तिथल्या तळावर लक्षावधी वर्षे कवच फोडणारा शत्रूच नव्हता. तारामासे, समुद्रकाकड्या, पातळ शिंपल्यांचे जीव तिथे निर्धास्त वाढले.

पण तिथला समुद्र उलटा आहे. आपल्याकडे खाली जावे तसे पाणी गार होते. अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पश्चिमेला वरचे पाणी जास्त थंड, आणि खोलवर बाहेरून येणारा प्रवाह थोडा उबदार. उबदार म्हणजे किती? एक-दीड अंश. या कुळाला तेवढे पुरते. २०१० साली शास्त्रज्ञांनी पामर डीप नावाच्या खोलगट भागात दूरनियंत्रित यंत्र सोडले. साडेआठशे मीटरच्या खाली, जिथे पाणी १.४ अंशाच्या वर होते, तिथे किंग क्रॅब दिसले. अंडी धरलेल्या माद्यांसह. तेवढ्या एका खोऱ्यात पंधरा लाखांच्या आसपास असावेत, असा त्यांचा अंदाज. वरच्या थंड थरात एकही नाही. त्यांचे वरचे दार तेवढ्या थंडीने बंद होते, आणि तो समुद्र तापतो आहे. ते दार उघडले तर वरच्या निर्धास्त जिवांचे काय होईल?

काही जण म्हणाले, हे आक्रमण आहे, खेकडे नुकतेच आले. दुसरे काही म्हणाले, थांबा. ते फार पूर्वीपासून तिथे असतील. आपण यंत्र खाली सोडून आत्ता पाहिले, एवढेच. हा वाद मी बाजूला बसून वाचला आणि मनात म्हटले, हे तर आमच्या सरांचे पोस्टकार्ड. दिसले नाही म्हणजे नव्हते, असे होत नाही. तापमानाची काळजी खरी आहे, ती करावीच. पण आधी नीट शोधावे.

आता माफीचे.

काल संध्याकाळी मी जोडीदाराच्या घरी गेलो. चव्वेचाळीस वर्षांनी. खाडी आता पूर्वीची नाही, भराव किती पडला ते तुम्हीही येताना पाहिले असेल. फग लावतो अजून, पण दिवसाला पूर्वी जे मिळायचे ते आता आठवड्याला मिळत नाही, म्हणाला. आईची रीत त्याने सोडलेली नाही. मी त्याला ही सगळी गोष्ट सांगितली : सेंतोया, आठ पाय, कवचाखालचे दोन. तो शांतपणे ऐकत होता. मग मी विचारले, "तू त्या दिवशी आठ का लिहिलेस रे?"

तो म्हणाला, "मी बरोबरच लिवलं होतं. चिंबोरी चालते आठांवर. नांग्या काय पाय हायेत? त्या तिचे हात." आणि मग म्हणाला, "पन तवा कोनी इचारलं नाय."

मित्रांनो, त्याने मोजले होते. चिंबोरी जशी जगते तशी तिला पाहून मोजले होते. पुस्तक नांग्यांनाही पाय म्हणते, म्हणून पुस्तकाचे उत्तर दहा. मी न मोजता बरोबर आलो आणि तो मोजून चूक ठरला. "का आठ?" एवढे एक विचारले असते, तर त्या तासाला आम्ही सगळेच अधिक शिकलो असतो. मी विचारायच्या ऐवजी नाव ठेवले. आज सकाळी सरांनाही हे सांगितले. सर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "फुली मी मारली होती. विचारायला मी हवे होते." तुमचे मोठेपण सर. पण हसवले मी होते.

या नावाने बाजारात अजून हाक मारतात, असे तो हसत सांगत होता. तो हसला म्हणून मला सुटल्यासारखे वाटले नाही. म्हणून जिथे ते नाव ठेवले त्याच शाळेत, त्याच वर्गासमोर सांगतो : तुझे उत्तर बरोबर होते. मी चुकलो. मला माफ कर.

आणि समितीला एक विनंती आहे. ज्यांनी दहावीची परीक्षा इथून दिली, त्यांचीच नावे या स्मरणिकेच्या यादीत आहेत. जे आठवीत, नववीत आपल्या बाकावरून उठून गेले, ते यादीत नाहीत. आपल्या पटावर आहेत, पण बाहेरून मोजताना दिसत नाहीत. जुने हजेरीपट कार्यालयात आहेत, काल पाहून आलो. पुढच्या मेळाव्याच्या आधी ती नावे शोधू या. मी सध्या निवृत्त आहे, वेळ आहे, बसून शोधायचे काम माझ्याकडे द्या.